बडोदा आणि समाजकार्याचे शिक्षण : पार्श्वभूमी

बडोद्यात समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाल्यावर. मात्र त्याची गरज संस्थानी काळातच उघड झाली होती. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले, १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले, आणि दरम्यान १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदाही केला. तरीही त्यांच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना घालवून देण्यात आले. हुकूम निघाला म्हणून दारे उघडत नाहीत, हे दाखवणारा याहून बोलका प्रसंग बडोद्याच्या इतिहासात मला दिसत नाही. कायदा आणि उंबरठा यांच्यामधल्या या अंतरातच समाजकार्यकर्त्याचे काम असते.

हे काम नुसत्या सेवाभावावर न सोडता रीतसर शिकवावे, हा विचार मुंबईत नागपाड्यात काम करणारे अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मांडला आणि १९३६ मध्ये तेथे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवात झाली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, त्यामुळे या शिक्षणाला नोकरीचाही आधार मिळाला.

आज कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर साधारणपणे दोन वर्षांचा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रम) करता येतो. त्याचा कणा क्षेत्रकार्य हा आहे. रुग्णालयात नेमलेला विद्यार्थी औषध अर्धवट सोडलेल्या रुग्णाशी बोलतो, त्याच्या घरी जातो, रोजंदारी बुडते म्हणून तो येत नाही हे समजून घेतो, आणि त्या भेटीची सविस्तर नोंद लिहून पर्यवेक्षकापुढे ठेवतो. बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतील मुलांना गुजरातीही सहज येते, याचा वस्तीत फार उपयोग होतो. मनोरुग्णांसोबत मानसोपचार समाजकार्यकर्ता म्हणून काम करायचे असल्यास मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार पुढील विशेष शिक्षण लागते.

डॉक्टर-वकिलांसारखी स्वतंत्र वैधानिक नोंदणी परिषद या संपूर्ण व्यवसायाला देशपातळीवर नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य किती आहे आणि नोंदी कोण तपासतो, याची चौकशी अवश्य करावी.