जिवाणूंनी कमावलं, पाण्याने घालवलं

फिनलंडच्या पूर्व भागात सोत्कामो नावाचं गाव आहे. तिथल्या हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. पण गावाजवळच्या तलविवारा खाणीत, आजूबाजूला सगळं गोठलेलं असताना, आठ मीटर उंचीचे दगडांचे सपाट ढीग वाफाळत असतात. आतलं तापमान 50 अंशांच्या वर सहज जातं, कधी 90 पर्यंत. खाली भट्टी नाही की कोळसा नाही. दगडातली गंधकयुक्त खनिजं जिवाणूंच्या मदतीने कुजतात आणि त्या क्रियेतून ही ऊब निघते. खनिज फुटलं की त्यातलं निकेल आम्लाच्या पाण्यात उतरतं, ढिगाच्या तळाशी येतं आणि नळ्यांतून गोळा होतं.

गोव्यात आपण पाहिलेल्या खाणी वेगळ्या. ओर म्हणजे कच्चं खनिज काढायचं, चाळायचं, फार तर धुवायचं, बार्जमध्ये भरायचं आणि मुरगावला जहाजावर चढवायचं. धातू काढणं हे काम चीन-जपानच्या पोलाद कारखान्यांचं. त्यामुळे खाण सुरू झाली म्हणजे लीज मिळाली, ट्रक धावू लागले, एवढंच आपल्याला ठाऊक. जिवाणूंच्या खाणीत पहिला ट्रक धावल्यावर खरी सुरुवात व्हायला दोन-तीन वर्षंसुद्धा लागतात, आणि गफलती होतात त्या नेमक्या याच काळात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण तलविवाराचा दगड गरीब आहे. निकेलचं प्रमाण 0.23 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एक टन दगडामागे सव्वादोन किलो. सोबत अर्धा टक्का जस्त, थोडं तांबं, किंचित कोबाल्ट. फिनलंडच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेला हा साठा 1977 मध्येच सापडला होता आणि तो आहे प्रचंड, अब्ज टनांच्या वर. पण नेहमीच्या पद्धतीने म्हणजे दगड पिठासारखा दळून, फेसावर खनिज वेगळं करून, भट्टीत वितळवून हिशेब जुळेना. त्या काळ्या शिस्ट दगडात ग्राफाइटही भरपूर असल्याने फेसाचं काम आणखी अवघड. औटोकुम्पू या मोठ्या कंपनीने साठा तसाच पडू दिला. 2004 मध्ये तिचाच एक माजी खाण अभियंता पेक्का पेरा याने आपल्या नव्या कंपनीसाठी हक्क घेतले, ते जिवाणूंच्या भरवशावर.

हे जिवाणू आपल्या आधीपासून खाणीत राहतात. 1947 मध्ये अमेरिकेतल्या एका कोळसा खाणीच्या आम्लयुक्त पाण्यात त्यांची पहिली ओळख पटली. आज त्यांचं नाव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. त्यांच्याबरोबर लेप्टोस्पिरिलम आणि इतर बरीच मंडळी असतात. निकेलशी त्यांना काहीही देणंघेणं नाही. त्यांना हवं असतं लोह. पाण्यातल्या फेरस लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, तो हवेतल्या ऑक्सिजनला द्यायचा आणि त्या व्यवहारातून सुटलेल्या ऊर्जेवर जगायचं. इलेक्ट्रॉन गेलेलं लोह म्हणजे फेरिक लोह, आणि ते मात्र आक्रमक असतं. ते सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त खनिजावर तुटून पडतं, निकेलला मोकळं करतं आणि स्वतः पुन्हा फेरस होतं. जिवाणू पुन्हा तयार. आम्लात ही लोहाची उलाढाल हवेच्या भरवशावर सोडली तर अतिशय मंद चालते. जिवाणू ती लाखो पटींनी वाढवतात. खनिजातल्या गंधकाचं त्यांच्याच हातून गंधकाम्ल होतं.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. माणसाच्या उंचीचा प्लॅस्टिकचा पाइप उभा करतात, त्यात दगडाची खडी भरतात, वरून थेंब थेंब आम्लाचं पाणी सोडतात, खालून बारीक हवा. सुरुवातीला तळातून फिकट हिरवट पाणी येतं, कारण लोह अजून फेरस आहे. जिवाणूंचं बस्तान बसलं की एके दिवशी पाणी पिवळसर होतं, मग तांबूस, आणि पुढे कोकमाच्या आगळासारखं गडद. हा रंग आला की समजायचं, वसाहत कामाला लागली. रंग येत नसेल तर कारणं शोधायची: आम्ल कमी पडलं, हवा पोचली नाही, की पाण्यातल्या एखाद्या क्षाराने जिवाणू मंदावले.

पाइपमधलं यश ढिगावर मात्र तसंच्या तसं उतरत नाही. तलविवारात 2005 मध्ये 17 हजार टनांचा चाचणीचा ढीग रचला, तो चांगला चालला, मग खरी खाण बांधायला घेतली. दगड 8 मिलिमीटरपर्यंत बारीक करायचा. त्यात जी भुकटी होते ती ढिगाच्या भेगा बुजवते, म्हणून फिरत्या पिंपात आम्लाचं पाणी शिंपडून ती भुकटी मोठ्या तुकड्यांना चिकटवून घ्यायची. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण माझ्या मते ढिगाचं नशीब इथेच ठरतं. भुकटी सुटी राहिली तर पाणी एकाच वाटेने खाली पळतं. बाजूचा दगड वर्षभर कोरडा राहतो आणि वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जमिनीवर जाड प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर पाणी गोळा करायच्या नळ्या, त्याच्या वर हवा फुंकायच्या नळ्या, आणि मग दगड. 400 मीटर रुंद, 1,200 मीटर लांब असे चार पट्टे. दीडेक वर्ष झालं की तो सगळा दगड उकरून दुसऱ्या जागी पुन्हा रचायचा आणि आणखी काही वर्षं भिजवायचा.

ढीग रचला की जिवाणू सोडावे लागतात का? फारसे नाही. त्याच भागातल्या दगडात आणि पाण्यात ते असतात. त्यांची संख्या वाढवायची आणि फिरत्या पाण्याबरोबर सगळीकडे पोचवायची. अवघड असतं त्यांचं मन राखणं. सुरुवातीला पायऱ्होटाइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज भराभर विरघळतं, आम्ल पिऊन टाकतं, आणि सडक्या अंड्यांचा वास सोडतं. आम्ल उतरलं तर विरघळलेलं लोह पुन्हा घट्ट होऊन ढिगात गाळ बसतो. मग पायराइट हे लोह-गंधकाचं दुसरं खनिज जोरात कुजू लागतं, आम्ल वाढतं, उष्णता वाढते. 30 अंशांवर खूश असणारे जिवाणू मागे पडतात, 50-60 अंश सोसणारे पुढे येतात, आणि पंखे जास्त-कमी झाले की ही सगळी घडी विस्कटते. खाली आलेलं पाणी लगेच कारखान्यात पाठवूनही चालत नाही. त्यात लिटरला दोन-एक ग्रॅम निकेल जमेपर्यंत तेच पाणी पुन्हा पुन्हा वर फिरवायचं. तोवर धातूचा कारखाना पगार आणि व्याज खात बसतो.

आकडे पाहा. पहिला धातू निघाला ऑक्टोबर 2008 मध्ये. मूळ योजना वर्षाला 33 हजार टन निकेलची. 2009 मध्ये निघालं 735 टन. 2010 मध्ये दहा हजारांच्या थोडं वर, 2011 मध्ये सोळा हजार. आणि बाजार? खाण उभी राहत होती त्या 2007 च्या मे महिन्यात निकेल टनाला 50 हजार डॉलरच्या पुढे होतं. 2008 संपता संपता दहा हजारांच्या आसपास. कर्ज काढून बसलेल्याला जिवाणूंची चाल परवडत नाही.

तरीही खाण बुडाली ती जिवाणूंमुळे नव्हे.

ढिगावर ताशी एका चौरस मीटरला साधारण 5 लिटर पाणी शिंपडतात. म्हणजे तासाला 5 मिलिमीटर, दिवसाला 120. आपली वेधशाळा 24 तासांत 115.6 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला अतिमुसळधार म्हणते. या ढिगांवर तसा पाऊस रोज, बारा महिने पडत असतो. फक्त तो एकाच पाण्याचा फेरा असतो. त्यात आभाळातून वरचं पाणी आलं की आम्ल पातळ होतं, साठा वाढतो, आणि ते पाणी ओढ्यात सोडता येत नाही कारण त्यात धातू आणि सल्फेट असतं. आखणी करताना धरलं होतं की तापलेले ढीग बाष्पीभवनाने इतकं पाणी उडवतील की उलट बाहेरून पाणी घ्यावं लागेल. ढीग अपेक्षेइतके तापले नाहीत, आणि 2012 साली पाऊसही जोराचा झाला. जास्तीचं पाणी ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा जिप्समचा गाळ साठवायच्या तळ्यात ते भरण्यात आलं. तळं त्या कामासाठी बांधलेलंच नव्हतं. 4 नोव्हेंबर 2012 ला त्याच्या तळाला भगदाड पडलं आणि निकेल, युरेनियम मिसळलेलं पाणी आसपासच्या जलाशयांकडे निघालं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, त्याच्या पुढच्याच महिन्यातली ही गोष्ट. 2013 च्या एप्रिलमध्ये तळं पुन्हा गळलं.

त्याआधीच एक कमी गाजलेली हानी होऊन गेली होती. कारखान्याच्या सांडपाण्यातलं सोडियम सल्फेट जवळच्या लहान तळ्यांत उतरलं. खारं पाणी जड, ते तळाशी बसलं. थंड देशांतल्या तळ्यांचं पाणी वसंतात आणि शरदात वरखाली होतं आणि तळाला ऑक्सिजन मिळतो. ते ढवळणंच थांबलं. 2012 मध्येच कारखान्याच्या आवारात हायड्रोजन सल्फाइड वायूने एका कामगाराचा जीवही गेला. जिवाणूंचं काम म्हटलं की लोकांना ते सेंद्रिय शेतीच्या रांगेतलं वाटतं. भट्टीचा धूर वाचतो हे खरं, पण ढिगातून निघतं ते गंधकाम्लच, आणि त्यातला निकेल गाळायला विषारी वायूच लागतो.

2014 मध्ये खाण चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. 2015 मध्ये फिनलंड सरकारच्या तेराफामे कंपनीने खाण ताब्यात घेतली, पाणी शुद्ध करण्यावर भरपूर पैसा ओतला, ढिगांची हवा-पाण्याची घडी पुन्हा बसवली. 2018 नंतर तिथून वर्षाला 27-28 हजार टन निकेल निघू लागलं. दगड तोच, जिवाणूही तेच. 2021 पासून तिथेच बॅटऱ्यांसाठी निकेल सल्फेट तयार होतं.

निकेल सल्फेट गोव्यालाही नवं नाही. कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतीतल्या निकोमेट कारखान्यात ते बनत आलं आहे. 2021 च्या डिसेंबरात वेदांताने तो विकत घेतला. पण कुंकळ्ळीच्या निकेलचा आणि सांगे-केप्याच्या डोंगरांचा संबंध नाही. आपल्या डोंगरांत हेमेटाइट हे लोहखनिज आणि मँगनीज, वरून जांभ्याचा थर. गंधक नगण्य. म्हणून इथल्या खाणींच्या पाण्याने शेतं लाल गाळाने भरली, ओढे बुजले, पण आम्लाने मेले नाहीत. लोह-गंधक खाणाऱ्या जिवाणूंना खायलाच काही नाही, त्यामुळे तलविवाराची नक्कल गोव्यात होण्यासारखी नाही. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या वरची टाकाऊ माती निकेल बाळगून आहे, तिच्यावर बुरशी आणि जिवाणू वापरून प्रयोग झाले आहेत. तिथेही गंधक नाही, म्हणून रस्ता वेगळा. बुरशीला साखर घालावी लागते, ती सेंद्रिय आम्लं सोडते, आणि साखरेचं बिल पाहिलं की उत्साह ओसरतो.

समजा दगड मिळाला असता, तरी पाऊस आहे. सोत्कामोत वर्षभरात बर्फ धरून साधारण 650 मिलिमीटर पडतो. गोव्यात 3,000, वाळपईकडे त्याहून जास्त. सोत्कामोच्या वर्षाहून अधिक पाऊस आपल्याकडे एकट्या जुलैत होतो. तलविवाराचे चार पट्टे मिळून 192 हेक्टर. तेवढ्या जागेवर तिथे वर्षाला साडेबारा लाख घनमीटर पाणी पडतं. गोव्यात पडेल साडेसत्तावन्न लाख, तेही बहुतेक चार महिन्यांत. आमच्याकडे पावसाळ्याआधी डंपांवर, म्हणजे खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, प्लॅस्टिक आणि काथ्या अंथरण्याची पद्धत आहे. हवा आणि शिंपण लागणाऱ्या चालू ढिगावर ते कसं अंथरणार?

गोव्याशी खरोखर नातं असलेलं निकेल समुद्राच्या तळाशी आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 ला हिंदी महासागरातून बहुधातू गोटे वर काढले, आणि त्यातूनच 1987 मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरातल्या क्षेत्राचा हक्क मिळाला. आज ते क्षेत्र 75 हजार चौरस किलोमीटर आहे. साठ्याचा अंदाज 38 कोटी टन गोट्यांचा: निकेल 47 लाख टन, तांबं 43 लाख, कोबाल्ट साडेपाच लाख, मँगनीज सव्वानऊ कोटी. 2021 मध्ये ‘वराह’ या भारतीय यंत्राने 5,270 मीटर खोलीवर चालून दाखवलं. निकेलचं प्रमाण सव्वा टक्का, म्हणजे तलविवाराच्या पाचपटीहून जास्त.

गोट्यांतही सल्फाइड नाही. निकेल तिथे मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडमध्ये अडकलेलं असतं, म्हणून इथे फेरिकच्या उलट, ऑक्सिजन हिसकावून घेणारं रसायन किंवा तसे जिवाणू लागतात. ते जमेलही. मात्र वरच्या आकड्यांची बेरीज केली तर चारही धातू मिळून भरतात 27 टक्के. 38 कोटी टनांतले उरलेले 27-28 कोटी टन गाळाच्या रूपात किनाऱ्यावर येणार. ते कुठे ठेवायचे आणि त्यावर पडलेल्या पावसाचं काय करायचं, याचा हिशेब कारखान्याच्या नकाशाआधी मांडावा लागेल.