तलवारीवरचं निळं पाणी

दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका तलवारीचा फोटो आला. मुठीपासून अर्ध्यापर्यंत पातं गडद निळं, अगदी मोराच्या मानेसारखं, आणि त्या निळ्यावर सोनेरी वेलबुट्टी. खाली मजकूर असा की ही विषात बुडवून ठेवलेली तलवार आहे, नुसता ओरखडा लागला तरी माणूस जागेवर संपायचा, आणि त्या विषानंच पातं निळं पडलंय. बघता बघता सगळ्या ग्रुपनं हात जोडले. मला मात्र राहवलं नाही, कारण त्या निळ्या रंगावर माझं मनापासून प्रेम आहे, आणि त्याची खरी गोष्ट विषापेक्षा कितीतरी भारी आहे.

आधी ती तलवार कसली ते सांगतो. अशी निळी-सोनेरी पाती साधारण १७८० ते १८३० या काळात इंग्रज आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या कमरेला असायची, आणि त्यातली सगळ्यात देखणी म्हणजे पराक्रमाबद्दल मानानं दिलेली तलवार. लंडनला लॉइड्स या विमाबाजारातल्या व्यापाऱ्यांनी १८०३ मध्ये एक देशभक्त निधी उभारला, त्यातून युद्धात शौर्य दाखवणाऱ्यांना १००, ५० आणि ३० पौंड किमतीच्या तलवारी दिल्या जायच्या, किंमत हुद्द्याप्रमाणे. मूठ ग्रीक-रोमन पुराणातला महाबली हर्क्युलिस याच्या कथांवरून घडवलेली, हाताच्या आडोशाला त्याची गदा आणि गदेला विळखा घातलेला साप, आणि निळ्या पात्यावर सोन्याच्या अक्षरात मिळवणाऱ्याचं नाव. पण ह्या तलवारी अधिकाऱ्यांसाठी. फ्रान्समध्ये नेपोलियननं १७९९ च्या डिसेंबरमध्ये जो हुकूम काढला त्यात साध्या शिपायालाही मानाचं हत्यार मिळायची सोय होती, आणि मानाची तलवार मिळाली की पगार दुप्पट. पुढं १८०२ मध्ये त्याची जागा लीजन ऑफ ऑनर या सन्मानानं घेतली. रशियात तर अशा तलवारीच्या मुठीवर ‘शौर्याबद्दल’ एवढंच कोरलेलं असायचं. म्हणजे ज्या तलवारीला विषारी म्हणून लोक घाबरतायत ती बहुतेक मानाची, लढण्यापेक्षा मिरवायची, आजच्या पदकाच्या जागी होती. विष लावून पदक कोण देतं?

आपल्याकडंही मानाची तलवार, सोन्याचं कडं देण्याची रीत जुनीच, आणि पाती तर आपण युरोपातली आवडीनं वापरायचो, म्हणून तर अशा तलवारीला ‘फिरंग’ हा शब्द. २०२५ मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार परत आणली, तिचं पातं युरोपियन बनावटीचं आणि त्यावर देवनागरीत सोन्याची अक्षरं. आणि मे १८१८ मध्ये आपल्या सोलापूरच्या भुईकोटासमोर इंग्रज सेनापती मन्रोची फौज उतरली तो काळ नेमका ह्या निळ्या पात्यांच्या फॅशनचा.

आता मूळ मुद्दा. हा निळा रंग म्हणजे रंग नाही. म्हणजे डबा, ब्रश, शाई असलं काहीही नाही. लोखंड हवेत तापवलं की त्याच्या अंगावर हवेतला ऑक्सिजन बसून ऑक्साइडची साय धरते, दुधावर धरते तशी, फक्त ही साय केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून पातळ. पोलाद घासून आरशासारखं चकचकीत करा आणि हळूहळू तापवा. साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते गव्हाच्या काडासारखं फिकट पिवळं होतं, २५५ च्या सुमारास तपकिरी, २८० ला जांभळं आणि ३०० ला येतो हा निळा. त्याहून पुढं गेलात तर निळा फिका होत होत राखाडी होतो आणि मजा संपली. लोहाराकडं विळ्याला पाणी देताना बघितलं असेल तर हे रंग तुम्ही बघितलेत. लालबुंद पातं पाण्यात चर्र करून बुडवलं की ते काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं, मग ते परत बेताचं तापवायचं म्हणजे जरा लवचिक होतं, आणि किती तापलं हे कारागीर ह्या रंगांवरूनच ओळखतो. पिवळ्याला थांबलं तर धार टिकते, निळ्याला थांबलं तर स्प्रिंगसारखं लवतं. जुन्या किल्लीच्या घड्याळातली स्प्रिंग निळी दिसते ती त्यामुळंच. आणि ग्राइंडरवर चाकूला धार लावताना कडेला निळा डाग पडला तर समजा तिथलं पाणी उतरलं, तो भाग मऊ पडला.

पण ऑक्साइड तर काळपट असतं, मग निळं कुठून आलं? ह्या प्रश्नानं मला कॉलेजात असताना वेड लावलं होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात हे शाळेत शिकलोय. हा उजेड पात्यावर पडला की थोडा सायीच्या वरच्या बाजूवरून परत फिरतो आणि थोडा सायीत शिरून खालच्या पोलादावर आपटून परत येतो. म्हणजे एकाच उजेडाचे दोन भाग झाले आणि दुसरा थोडा जास्त चालून आला. उजेड ही लाट आहे. सिद्धेश्वर तलावात दोन दगड टाकले आणि दोन्हीच्या लाटा एका जागी आल्या, एकीचा उंचवटा दुसरीच्या खड्ड्यावर पडला, तर तिथलं पाणी जागच्या जागी शांत राहतं. तसंच इथं होतं, पण सगळ्या रंगांचं नाही, कारण प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी. ज्या रंगाची दुसरी लाट बरोबर अर्ध्या लांबीनं मागं पडली तेवढाच रंग मरतो, बाकीचे परत येतात.

आता हिशोब बघा, मला हा हिशोब फार आवडतो. ह्या ऑक्साइडमध्ये उजेड हवेतल्यापेक्षा साधारण अडीच पट हळू चालतो, म्हणजे अपवर्तनांक अडीच धरू. साय ४० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाड असेल तर जाऊन-येऊन ८०, गुणिले अडीच म्हणजे २००, आणि २०० ही ४०० नॅनोमीटरची अर्धी लांबी. ४०० म्हणजे जांभळा. तो मेला की उरलेल्या उजेडात पिवळेपणा दिसतो. साय ५० झाली की मरतो ५०० चा हिरवट रंग, उरतात निळा आणि लाल, त्यांचं मिश्रण जांभळं. साय ६० झाली की ६०० चा नारिंगी मरतो आणि डोळ्यात शिरतो तो निळा. चाळीस, पन्नास, साठ, आणि लोहाराच्या भट्टीतला पिवळा, जांभळा, निळा हा क्रम तसाच्या तसा बाहेर पडतो. (खऱ्या पात्यावर आकडे थोडे हलतात, कारण पोलादावर आपटताना लाट नेमकी किती उलटते ते धातूवर अवलंबून असतं आणि ऑक्साइड स्वतःही थोडा उजेड गिळतं, पण गाभा हाच.) म्हणजे तलवारीत निळा घातलेला नाहीच, नारिंगी काढून घेतलाय. पावसाळ्यात पेट्रोल पंपासमोर ओल्या डांबरावर तेलाचे इंद्रधनुषी पट्टे दिसतात, किंवा स्टीलचं पातेलं रिकामंच गॅसवर राहिलं की तळाला रंग चढतात, ते ह्याचेच भाऊबंद.

मग तुम्ही म्हणाल, तेलाचे रंग तर मान हलवली की पळतात, तलवारीचा निळा का पळत नाही? कारण ऑक्साइड उजेडाला फार वाकवतं. तुम्ही ६० अंश तिरकं बघितलं तरी सायीच्या आत किरण उभ्यापासून फक्त २० अंशाच्या आसपास कलतो, त्यामुळं वाटेतला फरक जेमतेम ६ टक्क्यांनी बदलतो. फारफार तर निळा किंचित जांभळट वाटेल. तेल उजेडाला इतकं वाकवत नाही, आणि रस्त्यावर त्याची जाडी पण जागोजागी वेगळी असते.

ह्यात कारागिरी कुठं आली ते आता कळेल. जांभळा ते निळा हा फरक सायीत १० नॅनोमीटरचा आणि भट्टीत वीसेक अंशांचा. हातभर लांब पातं, पाठीला जाड आणि धारेला पातळ, पातळ भाग आधी तापतो, तरी सगळीकडं एकच निळा आणायचा आणि त्या क्षणाला बाहेर काढायचं. भट्टीवर थर्मामीटर नाही, नुसता कोळशाचा विस्तव आणि डोळा. छोट्या वस्तू तापलेल्या वाळूत निळ्या करतात, आपला फुटाणेवाला शेंगा वाळूत का भाजतो त्याच कारणानं, सगळ्या बाजूंनी आच सारखी लागते. पात्यावर बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तेवढा डाग वेगळ्या रंगाचा येतो आणि सगळं पातं परत घासायला घ्यावं लागतं.

सोन्याचं काम थोडक्यात सांगतो. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, नक्षीवर लावायचा आणि तापवायचं, पारा उडून जातो आणि सोन्याचा मुलामा राहतो. सोनं ऑक्सिजनला दाद देत नाही म्हणून ते पिवळंच राहतं. म्हणजे विषाची गोष्ट करायचीच असेल तर ती इथं आहे, पाऱ्याच्या वाफेनं हे मुलामा देणारे कारागीर कायमचे आजारी पडायचे, हात थरथरायचे. १८४० मध्ये इंग्लंडात विजेच्या मुलाम्याचं पेटंट निघालं आणि मग हळूहळू ही पद्धत मागं पडली. तलवारीनं शत्रू मेला की नाही माहीत नाही, पण ती सजवणाऱ्याचं आयुष्य नक्की कमी झालं, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांना ह्या माणसांची आठवण नसते याचा मला राग येतो.

घरी बघायचं असेल तर एक साधा लोखंडी खिळा घ्या, जस्ताचा मुलामा असलेला अजिबात नको, त्याचा धूर वाईट. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत करा, पकडीत धरून डोकं गॅसच्या बारीक ज्योतीत ठेवा. मुलं असतील तर पकड मोठ्यांच्याच हातात. थोड्या वेळात डोक्याकडून टोकाकडं रंगांची रांग सरकायला लागते, पुढं पिवळा, मागं जांभळा, त्यामागं निळा. निळा मध्यावर आला की पाण्यात टाका. हे एक गोठवलेलं थर्मामीटर तयार झालं, कुठं किती तापलं होतं ते खिळ्यावर लिहिलेलं आहे. आता त्या निळ्यावर लिंबाचा एक थेंब टाकून ठेवा आणि थोड्या वेळानं पुसून बघा. निळा फिका पडायला लागलेला असेल.

हे लिंबू मी उगाच आणलेलं नाही. मंगळवार पेठेत माझ्या मित्राच्या वाड्यात एक तलवार आहे. त्याच्या खापरपणजोबांना पलटणीत असताना कुठल्याशा लढाईतल्या धाडसाबद्दल साहेबानं दिली असं घरात सांगतात. दर खंडेनवमीला ती चिंच लावून घासायची, हळद-कुंकू वाहायचं आणि पात्यावर लिंबू कापून ठेवायचं, हे पिढ्यानपिढ्या श्रद्धेनं चाललंय. त्या श्रद्धेला माझा नमस्कारच आहे. पण चिंचेत टार्टरिक आम्ल, लिंबात सायट्रिक आम्ल, आणि दोन्ही त्या ६० नॅनोमीटरच्या सायीला विरघळवतात. पातं आज ताटासारखं पांढरं आहे, अक्षरांच्या जागी नुसत्या पुसट रेघा. मागं एकदा एक माणूस ही तलवार ‘पंचधातूची, तांदूळ ओढणारी’ आहे म्हणून लाखो रुपये देतो म्हणत घरी आला होता. ते तांदूळ ओढणाऱ्या भांड्यांचं प्रकरण शुद्ध फसवणूक आहे, कुठलाही धातू तांदूळ ओढत नाही, असला माणूस दारात आला तर सरळ पोलिसांना फोन करा.

यंदा मी मित्राला म्हटलं मुठीजवळ बघू दे. मुठीच्या आडाखाली चामड्याची एक चकती असते, ती वाळून सैल झाली होती, अलगद सरकवली आणि मोबाइलचा टॉर्च मारला. खाली जेमतेम बोटाच्या नखाएवढी पट्टी, आणि ती निळी. दोन पिढ्यांना माहीतच नव्हतं की आपली तलवार निळी होती. चकतीनं तिथं चिंच पोचू दिली नाही म्हणून तेवढा निळा वाचला. मित्र काही बोललाच नाही, नुसता टॉर्च तिरका करून बघत राहिला, आणि खरंच, निळा पळाला नाही.

असली तलवार घरात असेल तर एवढंच करा, घासू नका, कसलीही पावडर नको, मऊ सुती कापडानं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, कारण ही साय गंजापासून फारसं वाचवत नाही. चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका, चामडं ओल आणि आम्ल दोन्ही धरून ठेवतं. उघड्या बोटांनी पातं धरू नका, घामातलं मीठ ठसा सोडतं आणि त्याच ठशावर गंज उठतो. सोलापूरच्या कोरड्या हवेचा इथं फायदाच आहे. शंभर वर्षांपुढची असेल तर विकायच्या नादाला लागण्याआधी पुरातत्त्व खात्याकडं चौकशी करा.

मी हे सगळं मित्राच्या घरच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, “मग लिंबू कुठं ठेवायचं रे?”

“पाटावर काकू, तलवारीच्या शेजारी. आणि कुंकू मुठीला लावा.”

त्यांनी आतून एक जुनं मऊ लुगडं आणलं, तेवढ्यासाठी टराटरा फाडून एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तेल तूच लाव आधी, मला दाखव किती ते.”