फुल इन्शुरन्स आहे म्हणून गाडी कुणाच्याही हातात देताय होय?

"फुल इन्शुरन्स हाय गाडीचा, काय होत न्हाई" हे वाक्य आपल्या कोल्हापुरात इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. आणि म्हणणारा नेमका तोच असतोय ज्याची गाडी वर्षातनं दोनदा उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगला उभी असत्या. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचं नुकसान, ओन डॅमेज म्हणजे आपल्या गाडीचं, दोन्ही मिळून फुल. एवढं सगळ्यांना पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. घोळ होतो तो चालवणारा धोक्याचा असला की, म्हणजे पिऊन चालवणारा, लायसन नसलेला, सारखा कुठंतरी ठोकणारा. तिथं ही दोन कव्हरं एकदम वेगळी वागतात.

आधी पैशाचं उरकतो. थर्ड पार्टीचा प्रीमियम माणूस बघत नाही, इंजिनचा सीसी बघतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खाजगी कारला १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६, त्याच्या वर ७८९७, जीएसटी वेगळा. तुम्ही पाच ठोकलेल्या असोत नाहीतर वीस वर्षं एक ओरखडा नसो, आकडा तोच. अमेरिकेतले व्हिडिओ बघून "दारूची केस झाली, आता इन्शुरन्स तिप्पट होणार" म्हणणारे भेटतात, तिकडं ड्रायव्हरचं रेकॉर्ड बघून रेट लावतात हे खरं, पण ते तिकडं. आपल्याकडं मार बसतो तो ओन डॅमेजच्या भागात, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, फक्त तिथंच मिळतो: २०, २५, ३५, ४५ करत पाचव्या वर्षी ५० टक्के, आणि एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूवलला शून्य, वेगळं प्रोटेक्शन घेतलं नसेल तर. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम बारा हजार आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट आहे, तर चार हजाराच्या बंपरसाठी क्लेम करून पुढच्या वर्षी सहा हजार जास्त भरणार. तरीबी लोक करतात आणि वर "वसूल केलं" म्हणून सांगतात. असल्या किरकोळ कामाला खिशातनं द्या आणि मोकळं व्हा.

आता खरा मुद्दा. समजा कागलला लग्न आहे, येताना मेव्हण्यानं किल्ली मागितली, दोन पेग झालेत हे तुम्हाला माहीत आहे तरी दिली, आणि गोकुळ शिरगावजवळ त्यानं पुढच्या मोटारसायकलला मागनं उडवलं. गाडीचा बॉनेट, रेडिएटर गेला, मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. अपघात एकच, पण फायली दोन.

पहिली फाईल तुमच्या गाडीची. सर्व्हेअर लायसन मागणार, पोलिसांचे कागद मागणार, आणि मेव्हण्याच्या रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं असेल तर ओन डॅमेजचा क्लेम गेला म्हणून समजा. लायसनच नसेल तरी तेच. "पण झिरो डेप आहे की ओ" म्हणून एजंटवर ओरडून उपयोग नाही, झिरो डेप हे जादाचं कव्हर पार्टच्या किंमतीतला घसारा माफ करतंय, दारू नाही.

दुसरी फाईल मोटारसायकलवाल्याची, ती अपघात दावा न्यायाधिकरणात जाते. त्याची काही चूक नाही, पॉलिसी चालू आहे, म्हणून कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे दे आणि मग गाडीमालकाकडनं वसूल कर. आपली लोकं यातलं पहिलं अर्धंच ऐकतात! "बघ, पिलेला होता तरी कंपनीनं भरलं" अशी गोष्ट पारावर फिरते आणि नंतर मालकाच्या दारात आलेली वसुलीची नोटीस कुणी सांगत नाही. कंपनीनं भरलं ते जखमीसाठी, तुमच्यासाठी नव्हे. नोटीस येते ती मालकाला, म्हणजे स्टिअरिंगवर मेव्हणा होता तरी आरसीवर नाव तुमचं आहे. आणि इजा किंवा मृत्यूच्या भरपाईला थर्ड पार्टीत वरची मर्यादा नाही (कारच्या पॉलिसीत साडेसात लाखाची मर्यादा असते ती समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला), त्यामुळं वसुलीचा आकडा पण तसाच मोठा असू शकतो. २००४ च्या स्वरणसिंग निकालात सुप्रीम कोर्टानं हेपण सांगितलंय की मालकानं ३० दिवसांत रक्कम भरली नाही तर जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी ती वसूल करता येते. सातबारावाल्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

त्याच निकालात मालकाच्या बाजूचंपण आहे. लायसनचा घोळ निघाला एवढ्यावर कंपनी मालकावर वसुली टाकू शकत नाही, मालकानं निष्काळजीपणा केला, नीट बघितलं नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं असतं. म्हणजे ड्रायव्हर ठेवताना तुम्ही लायसन बघितलंय, त्याची गाडी चालवणं बघितलंय आणि नंतर ते लायसन बोगस निघालं, तर तुम्हाला वाव आहे. पण पिलेल्या पाहुण्याला बघून-सवरून किल्ली दिली तिथं काय सांगणार? लायसनचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, संपायची तारीख बघा, आणि लग्नाच्या रात्री पैसे मोजून ड्रायव्हर घ्या, माझं तरी हेच मत आहे, पाहुणे रुसले तर रुसू देत.

आणि रंकाळ्यावर नववी-दहावीच्या पोराला "जरा हात साफ करू दे" म्हणून गाडी देणारे बाप, त्यांनी इन्शुरन्सचं विचारूच नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही.