मधली कोरी पट्टी

एक मुलगा आणि त्याचा कुत्रा उतारावरून धावत सुटलेत, खाली तळ्यातला बेडूक पकडायला. पुढच्या चित्रात दोघंही पाण्यात. मध्ये काय झालं हे कुणी सांगायला हवं का? धडपडले असणार!

मर्सर मेयर यांच्या १९६७ सालच्या एका शब्दहीन चित्रपुस्तकात ते धडपडण्याचं चित्र खरं तर आहे. अमेरिकेतल्या जोसेफ मॅग्लियानो, लेस्टर लॉश्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुद्दाम काढून टाकलं आणि लोकांना एकेक चित्र आपल्या गतीनं पाहायला दिलं. मधलं चित्र गाळलं की लोक पाण्यातल्या चित्रावर जरा जास्त रेंगाळत. गोष्ट कळत होती, पण डोक्यात तो प्रसंग घडवायला थोडा अवधी लागत होता.

कॉमिक्सची कारागिरी या अवधीवर चालते. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला या धंद्यात ‘गटर’ म्हणतात. नाव ऐकून नाक मुरडू नका, अर्धी गोष्ट तिथूनच वाहते. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराने १९९३ साली हे एका उदाहरणाने दाखवलं : एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, दुसरीत रात्रीच्या शहरावर घुमणारी किंकाळी. घाव चित्रकाराने काढलेलाच नाही. तो वाचकाने घातला.

मात्र वाचक पट्टीत वाटेल ते भरत नाही. २०१२ साली नील कोन आणि सहकाऱ्यांनी ‘पीनट्स’ या चित्रमालिकेच्या चौकटी एकामागून एक दाखवत वाचकांच्या मेंदूतले विद्युतसंकेत टिपले. चौकटींची सरमिसळ केली की चित्र दिसल्यापासून सुमारे ४०० मिलिसेकंदांनी उमटणारी एक लहर मोठी होई. ‘एन-४००’ नावाची ही लहर भाषेच्या अभ्यासकांच्या जुन्या ओळखीची. ‘त्याने गरम पोळीवर साजूक मोजे वाढले’ असं वाक्य वाचताना ‘मोजे’ या शब्दाशी ती अशीच उसळते. म्हणजे चौकट पाहतानाच मेंदू पुढच्या चौकटीसाठी पाट मांडून बसलेला असतो, आणि भलताच पाहुणा आला की चपापतो.

हे कौशल्य जन्मजात नाही, शिकावं लागतं, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. अगदी लहान मुलांना प्रत्येक चौकट म्हणजे सुटं चित्र वाटतं. चौकटी जोडून सलग गोष्ट वाचणं साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमू लागतं. सहा चौकटींचं एक पान पाहून माझ्या भाचीनं ‘इथे सहा मुलं आहेत’ असं ठणकावून सांगितलं होतं. तिच्या हिशेबात चूक काहीच नव्हती. कॉमिक्समधली पात्रं वर्षानुवर्षं तेच कपडे घालतात, तो आळस नव्हे. हा तोच मुलगा, हे ओळखण्यात वाचकाची शक्ती खर्चू नये. ती पट्टीसाठी राखायची असते. तीन-चार चौकटींत रोजची गंमत उरकणाऱ्या ‘चिंटू’सारख्या मालिकेला तर एवढीही उधळपट्टी परवडणार नाही.

वाचनाची दिशाही शिकलेलीच. आपली नजर डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून जो आधी बोलणार त्याचा संवादाचा फुगा डावीकडे आणि शक्यतो वर. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स उजवीकडून डावीकडे वाचतात. सुरुवातीच्या काळात मांगा इंग्रजीत आणताना प्रकाशक बऱ्याचदा पानं आरशातल्यासारखी उलटवून छापत. फुग्यांचा क्रम जुळला, पण सामुराई डावखुरे झाले. किमोनो या जपानी पेहरावाचं तर आणखी बिनसलं. जपानमध्ये तो नेसताना डावी बाजू वर घेतात, उजवी वर फक्त प्रेताला नेसवताना. परदेशी वाचकांना काहीच खटकलं नाही. जपानी डोळ्यांना मात्र त्या पानांवर हसतीखेळती, भांडणारी, प्रेमात पडणारी सगळी माणसं प्रेताच्या पेहरावात दिसत होती.