लहान बँका, सामाईक स्विच आणि जबाबदारीचे वाटप: पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातील नागरी सहकारी बँकांची उलाढाल उसाच्या बिलावर, दूधबिलावर आणि इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांच्या कॅश क्रेडिटवर चालते. त्यांचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने झाले असले, तरी सुरक्षेच्या दृष्टीने खरे वळण कोअर बँकिंगचे, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती यंत्रणेवर ठेवण्याचे आहे. नागरी बँकांनी ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत कोअर बँकिंग पूर्ण करावे, असे नियामक रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले. स्वतःचे डेटा सेंटर उभारणे लहान बँकांना परवडणारे नव्हते. त्यामुळे बहुतेकांनी सॉफ्टवेअर, सर्व्हर आणि एटीएम स्विच (एटीएमची मागणी बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) बाहेरच्या सेवादाराकडून भाड्याने घेतले. शाखा गडहिंग्लजला आणि खातेवही परगावच्या डेटा सेंटरमध्ये, ही आजची स्थिती तेव्हाच आकाराला आली.

सुरक्षित प्रणाली कशी बांधावी याचा विचार त्याहून बराच जुना आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात मांडलेली आठ तत्त्वे आजही शिकवली जातात. प्रत्येक मागणीची प्रत्येक वेळी तपासणी व्हावी आणि परवानगी स्पष्ट नसेल तर उत्तर नकाराचेच असावे, ही त्यांतली दोन तत्त्वे पुढील घटनाक्रमासाठी पुरेशी आहेत.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील एका मोठ्या सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून आलेली पैशांची मागणी स्विचमार्गे कोअर बँकिंगकडे जाते, तिथे शिल्लक तपासली जाते आणि मगच होकार परत येतो. हल्लेखोरांनी या वाटेत बनावट स्विच उभा केला आणि तोच होकार देऊ लागला. मागणी खात्यापर्यंत पोहोचलीच नाही. ११ ऑगस्टला २८ देशांतील एटीएममधून रक्कम काढली गेली, भारतातही काढली गेली आणि त्या ठिकाणांत कोल्हापूरही होते. दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्गे जवळपास १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवले गेले. कोअर बँकिंगचे सॉफ्टवेअर न फोडताही हे साधले, कारण होकार नेमका कोणाकडून आला याची खातरजमा त्या साखळीत पुरेशी नव्हती.

यानंतर ३१ डिसेंबर २०१९ रोजी आलेली, नागरी बँकांच्या सायबर सुरक्षेसाठीची रिझर्व्ह बँकेची चार स्तरांची रचना हा या विषयातला सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणावा लागेल. ज्या बँकेकडे जेवढ्या डिजिटल सेवा, तेवढी तिच्यावर बंधने, असे त्याचे सूत्र होते. पहिल्या स्तरावरील मूलभूत नियंत्रणे सर्वच नागरी बँकांना लागू झाली. इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंग देणाऱ्या बँका दुसऱ्या स्तरात गेल्या, तर स्वतःचा एटीएम स्विच किंवा स्विफ्ट जोडणी असलेल्या तिसऱ्यात. स्विच आणि स्विफ्ट दोन्ही चालवणाऱ्या, तसेच इतर बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या बँका चौथ्यात आल्या. आपला स्तर कोणता, हे बँकेनेच ठरवून कळवायचे होते. एका तालुक्यापुरत्या बँकेवर चोवीस तास चालणाऱ्या देखरेख केंद्राचा खर्च लादणे अन्यायाचे झाले असते, हे समर्थकांचे म्हणणे रास्तच होते. परंतु या रचनेत बँकेच्या स्वतःच्या मालकीची यंत्रणा मोजली गेली, आणि लहान बँकेचा धोका तर तिने भाड्याने घेतलेल्या यंत्रणेत होता. त्याच दिवशी एटीएम स्विचच्या सेवादारांसाठीही नियंत्रणे जाहीर झाली, हे खरे. मात्र ती सेवादारावर थेट लागू न करता बँकेने करारात घालून त्याच्याकडून पाळून घ्यायची होती. अनेक बँका सांभाळणाऱ्या सेवादारापुढे चार-पाच शाखांची बँक कराराच्या कोणत्या बळावर उभी राहणार, हा कोल्हापूरसारख्या जिल्ह्याचा रोकडा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या रचनेत नव्हते.

एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत स्वतंत्र निर्देश आले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते अमलात आले. त्यांतून एक हजार कोटींपर्यंत ठेवी असलेल्या, म्हणजे ठेवींनुसारच्या वेगळ्या वर्गवारीतील पहिल्या दोन श्रेणींच्या नागरी बँका वगळण्यात आल्या. बाहेरच्या सेवेवर ज्यांचे सर्वाधिक चालते, त्यांनाच वगळणे हे सवलतीच्या रूपातले दुर्लक्ष होते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

सेवा अखंड राहण्याचा विचार आणि सुरक्षेचा विचार आपल्याकडे वेगवेगळ्या फाइलींत राहिले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांपलीकडे गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, तेव्हा पर्यायी डेटा सेंटर, पर्यायी जोडणी आणि शाखेतील वीज यांची चर्चा झाली. पण ती पुराच्या संदर्भात झाली. सेवादारच बंद पडला तर काय, हा प्रश्न ३१ जुलै २०२४ रोजी समोर आला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला आणि देशाची किरकोळ पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने (एनपीसीआय) तिला खबरदारी म्हणून तात्पुरते तोडले. वृत्तांनुसार सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार त्यामुळे खोळंबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. तोडण्याचा निर्णय योग्यच होता, कारण संशय असताना नकार देणे हेच १९७५ चे तत्त्व आहे. मात्र तो नकार ज्या बँकांच्या वाट्याला आला, त्यांना पर्यायी मार्ग ठेवणे खर्चाने शक्य नव्हते आणि करारानेही तो कोणी देऊ केलेला नव्हता.