कॉलेजचे स्की संघ थँक्सगिव्हिंगला घरी का जात नाहीत?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं. वसतिगृहं रिकामी होतात, विमानतळ भरतात. त्याच आठवड्यात ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजांचे क्रॉस-कंट्री स्की संघ मात्र व्हॅनमध्ये स्की कोंबून उलट दिशेला निघतात. कुणी सरहद्द ओलांडून कॅनडातल्या क्वेबेकमधल्या फोरे मोंमोरँसीला जातं, कुणी विमानाने माँटानातल्या वेस्ट यलोस्टोनला. डिसेंबरात परीक्षा संपल्या की पुन्हा एक फेरी. ही बर्फावरची सरावशिबिरं. बाहेरून ती सहल वाटते, पण खेळाडूंच्या दृष्टीने तो हंगामाचा पाया असतो. ही प्रथा कॉलेज स्कीइंगइतकी जुनी नाही, कारण सुरुवातीला तिची गरजच नव्हती.

आपल्याकडे स्कीइंग म्हटलं की गुलमर्ग किंवा औलीचा उतार डोळ्यांसमोर येतो. क्रॉस-कंट्रीचा मामला निराळा. इथे चढ स्वतःच्या दमावर चढायचा असतो, बुटाची टाच मोकळी असते आणि शर्यत किलोमीटरांत मोजतात. नॉर्वेच्या स्थलांतरितांनी ही विद्या अमेरिकेत नेली. नॉर्वेतल्या टेलिमार्कमध्ये जन्मलेला ‘स्नोशू’ थॉम्पसन १८५६ पासून वीस वर्षं सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून टपाल पोहोचवत होता, तो लांब लाकडी स्कींवरूनच.

कॉलेजात हा खेळ रुजला तो न्यू हॅम्पशरमधल्या डार्टमथमध्ये. डिसेंबर १९०९ मध्ये फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याने कॉलेजच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून स्की आणि स्नोशूचा (बर्फावर चालायच्या रुंद जोड्यांचा) क्लब काढायची कल्पना मांडली. त्यातून डार्टमथ आउटिंग क्लब उभा राहिला आणि १९११ पर्यंत ‘विंटर कार्निव्हल’ सुरू झाला. आजही पूर्वेकडच्या कॉलेज शर्यतींना कार्निव्हलच म्हणतात, जत्रेचा भाग बराचसा गळून गेला असला तरी. त्या काळी सरावासाठी कुठे जायचा प्रश्न नव्हता. डार्टमथच्या हॅनोव्हर गावाबाहेरच्या टेकड्यांवर जेवढा बर्फ पडेल तेवढ्यावर भागायचं.

एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्की स्पर्धा १९५४ मध्ये नेवाडात झाली आणि डेन्व्हर विद्यापीठाने ती जिंकली. त्यांचा प्रशिक्षक विली शेफ्लर कडक शिस्तीचा होता. त्याच्या हाताखाली डेन्व्हरने १३ विजेतेपदं मिळवली. तेव्हा डाउनहिल, स्लॅलम, क्रॉस-कंट्री आणि स्की जंपिंग अशा चार प्रकारांचे गुण एकत्र धरत, आणि एकच गडी चारही प्रकारांत उतरे. अशा खेळाडूकडून केवळ क्रॉस-कंट्रीसाठी आठवडाभराच्या शिबिराची अपेक्षा कोण करणार? पुढे डाउनहिल गेली, १९८० नंतर जंपिंगही बाद झालं. १९८३ पासून मुलं-मुली एकाच स्पर्धेत, एकाच संघाचे म्हणून खेळू लागले. क्रॉस-कंट्रीचे खेळाडू अल्पाइनवाल्यांपासून, म्हणजे उतारावरच्या स्कीवाल्यांपासून, वेगळे पडले. त्यांचे प्रशिक्षक आणि त्यांचा दिनक्रमही वेगळा झाला.

पण शिबिरं अटळ केली ती तंत्राने, असं मला वाटतं. १९७४ च्या फालुन इथल्या जागतिक स्पर्धेत फायबरग्लासच्या स्कींनी लाकडाला मागे टाकलं. दोन वर्षांनी व्हर्माँटच्या बिल कॉकने इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये ३० किलोमीटरला रौप्य जिंकलं. क्रॉस-कंट्रीतलं अमेरिकेचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी ४२ वर्षं थांबावं लागलं. याच कॉकने १९८२ मध्ये विश्वचषक जिंकला तो खाचेबाहेर पाय तिरका रेटत पुढे सरकण्याच्या तंत्रावर. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली, बंदीची भाषा झाली. शेवटी तोडगा निघाला की शर्यतीच दोन प्रकारच्या ठेवायच्या. ऑलिम्पिकमध्ये १९८८ च्या कॅल्गरीपासून क्लासिक (खाचेतून सरळ जाण्याची जुनी पद्धत) आणि फ्रीस्टाइल वेगळ्या झाल्या.

क्लासिकला जंगलातली अरुंद पायवाट पुरते. फ्रीस्टाइलला, म्हणजे स्केटिंगला, रुंद आणि यंत्राने दाबून घट्ट केलेला रस्ता लागतो. गावाबाहेर चार बोटं बर्फ पडला म्हणून त्यावर हा सराव होत नाही. उन्हाळा-पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर रोलर-स्की (चाकांच्या स्की) चालवून दम वाढतो, पण बर्फावरचा तोल आणि घसरण्याचा अंदाज तिथे येत नाही.

त्यात वेळापत्रकाची कात्री. कार्निव्हल जानेवारीत सुरू होतात आणि राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये असते. तिथे एका विद्यापीठाचे जास्तीत जास्त १२ जण जाऊ शकतात, त्यातले क्रॉस-कंट्रीचे सहाच. म्हणजे जागेची झटापट जानेवारीच्या पहिल्या शर्यतीपासूनच सुरू होते, आणि त्याआधी बर्फावर पुरेसे तास घालवायचे तर नोव्हेंबर-डिसेंबरच उरतात. न्यू इंग्लंडमध्ये तेव्हा बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. डार्टमथने २०१२ पासून पहिलं सत्र थँक्सगिव्हिंगच्या आधी संपवायला सुरुवात केली. सुमारे सहा आठवडे सलग मोकळे मिळाले, त्याचा फायदा स्की संघाला आपसूक झाला.

फोरे मोंमोरँसी हे लावाल विद्यापीठाचं अभ्यासाचं जंगल, क्वेबेक शहराच्या उत्तरेला. तिथे बर्फ भरपूर पडतो, आणि आदल्या हिवाळ्याचा बर्फही लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर जपून ठेवतात. शरद ऋतूत तोच पसरला की नवा बर्फ पडण्याआधीच वाट तयार! आल्बर्टातल्या कॅनमोरलाही हीच युक्ती चालते. वेस्ट यलोस्टोनचं बलस्थान उंची. गाव समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून थोडं वर आहे. पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या मुलांना तिथे पहिले दोन-तीन दिवस मुद्दाम सावकाश चालवतात. विरळ हवेत पहिल्याच दिवशी जोर लावला तर पुढचा आठवडा वाया जातो.

शिबिरातलं बरंचसं काम तसं कंटाळवाणंच असतं. सकाळी एक तंत्र, दुपारी दुसरं, बहुतेक वेळ गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने. संध्याकाळी स्वयंपाकाच्या पाळ्या, उरलेला अभ्यास आणि स्कींना मेण लावणं. बर्फाच्या तापमानानुसार मेण निवडणं हे शास्त्र आणि थोडा जुगार. फ्लोरिनयुक्त मेण वेगवान, पण त्यातली रसायनं माणसाला आणि पाण्याला घातक आणि निसर्गात विघटन न होणारी. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून ते पूर्ण बंद केलं.

हे सगळं स्वस्त नाही. न्यू मेक्सिको विद्यापीठाला कोणत्याही खेळातलं पहिलं एनसीएए विजेतेपद २००४ मध्ये स्की संघानेच मिळवून दिलं होतं. पैशांची ओढाताण वाढली तेव्हा, २०१८ मध्ये, कुऱ्हाड ज्या खेळांवर पडली त्यांत स्कीइंग होतं. लहान कॉलेजांचे संघ पश्चिमेची विमानं टाळून व्हॅननेच क्वेबेक गाठतात आणि तिथे स्वतः रांधून खातात, त्यामागे हाही हिशेब असतो.