क्लबातला जुना खेळाडू नेमका कुठे म्हातारा होतो?

सुनील छेत्रीने जून 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम ठोकला आणि मार्च 2025 मध्ये, चाळिशी पार केल्यावर, तो परत भारताकडून मैदानात उतरला. त्यावरून झालेली वादावादी निष्ठा, भावना आणि ‘तरुणांना संधी’ यांच्याभोवतीच फिरत राहिली. स्नायू मात्र बिचारे विसरले गेले.

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक क्लबात असा एक जण असतो. पंधरा वर्षं तीच जर्सी, बाहेरून बोलावणी आली तरी गेला नाही, आता वय छत्तीस. त्याला ठेवायचं असं समितीत ठरतं आणि लगेच प्रेमाचा सल्ला येतो: ‘तेका आता जास्त पळवू नकात.’ मग तो सरावाला मैदानाभोवती संथ फेऱ्या मारतो, स्प्रिंटच्या वेळी बाजूला बसतो आणि रविवारी थेट सामन्यात उतरतो. त्याला लवकर म्हातारं करायची याहून खात्रीची पद्धत शोधून सापडणार नाही.

का, ते समजायला स्नायूच्या आत शिरावं लागेल. आपल्या स्नायूंत मुख्यतः दोन जातींचे तंतू असतात. मंद तंतू कमी जोराचे, पण लवकर न दमणारे. जलद तंतू क्षणात जोर देणारे, पण लवकर थकणारे. त्यांना हुकूम येतो मज्जारज्जूतल्या प्रेरक चेतापेशींकडून. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक तुकडी. लहान चेतापेशीकडे मंद तंतूंची छोटी तुकडी असते, मोठीकडे जलद तंतूंची मोठी. पोटरीत एकेका मोठ्या तुकडीत हजाराहून जास्त तंतू असू शकतात.

या तुकड्या वाटेल त्या क्रमाने कामाला लागत नाहीत. आधी लहान, मग मधल्या, शेवटी मोठ्या. एलवूड हेनेमन यांनी 1957 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून हा क्रम मांडला, आणि त्यामागचं कारण शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे: विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे प्रवाह गुणिले रोध. लहान पेशीचा पृष्ठभाग लहान, म्हणून आवरणातून विद्युतप्रवाह निसटायच्या वाटा कमी, म्हणजे रोध जास्त. दोन्ही पेशींकडे सारखाच प्रवाह आला, तर जिथे रोध जास्त तिथे विभवांतरही जास्त. त्यामुळे संदेश सोडायला जेवढं विभवांतर लागतं त्या उंबरठ्यावर लहान पेशी आधी पोचते आणि संदेश सोडते. एकाच जाळावर चहाचं आधण उकळतं तेव्हा लग्नातला हंडा अजून कोमटसुद्धा झालेला नसतो, तसं. हंडा उकळायचा तर जाळच मोठा हवा. स्नायूंच्या भाषेत मोठा जाळ म्हणजे जड वजन किंवा पूर्ण वेग.

संथ फेरीत जाळ बारीकच राहतो. मंद तंतू दमले की काही जलद तुकड्या मदतीला येतात, हे खरं. पण पूर्ण वेगाचा ताण त्यांना मिळत नाही. वयाबरोबर बारीक होतात ते मुख्यतः हेच जलद तंतू, आणि आपण त्यांचा वापरही बंद करून टाकतो. साठीनंतर तर काही मोठ्या चेतापेशीच मरतात. पोरके झालेले तंतू शेजारच्या मंद चेतापेशी दत्तक घेतात आणि ते तंतू हळूहळू मंद होतात. छत्तिशीत तो टप्पा फार दूर आहे. सेंट किट्सच्या किम कॉलिन्सने 2016 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, 100 मीटर अंतर 9.93 सेकंदांत कापलं होतं.

कोकणात यात पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूची, भर पडते. ओहोटीला ती मोकळी मिळते, फुकट असते आणि गुडघ्यांना मऊ. पण कोरड्या वाळूत पाय रुततो. तेवढ्याच वेगाला कडक जमिनीपेक्षा सुमारे दीडपट ऊर्जा लागते आणि सर्वोच्च वेग गाठताच येत नाही. दम वाढतो, वेग नाही. सामना मात्र सड्यावरच्या जांभ्याच्या मैदानात किंवा भातकापणीनंतरच्या मळ्यात. तिथे पाय रुतत नाही, टांग लांब पडते आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावतो. ही दुखापत बहुधा पाऊल टेकण्याच्या किंचित आधी होते: पुढे झेपावलेला पाय आवरायला हा स्नायू लांबत असतानाच जोर लावत असतो. पुळणीवर सराव करायचाच तर पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर करावा आणि जितकं जाताना धावलं तितकंच येताना. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावलं तर ताण एकाच पायावर पडतो.

लांबत असताना जोर लावायची सवय ‘नॉर्डिक’ व्यायामाने लागते. गुडघे गादीवर टेकायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग सरळ ठेवून शक्य तितकं सावकाश पुढे झुकायचं; आवरेनासं झालं की हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, 5 चे 2 सेट. दुसऱ्यात दोन दिवस, 6 चे 2. तिसऱ्यात तीन दिवस, 6 ते 8 चे 3. चौथ्यात तीन दिवस, 8 ते 10 चे 3. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीन दिवस, दर वेळी 12, 10 आणि 8 चे 3 सेट. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर यामुळे हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. बिघडतं ते पहिल्याच दिवशी. जोशात तीस मारले जातात, दोन दिवस जिना उतरवत नाही आणि व्यायाम कायमचा सुटतो. कंबरेत वाकलं तर भारच निघून जातो, मग कितीही मारा.

याच्या जोडीला खरी धाव हवी. सामना रविवारी असेल तर बुधवारी, नीट वॉर्म-अप करून, कडक जमिनीवर 30 मीटरच्या 5 धावा आणि दोन धावांत पुरी 3 मिनिटं विश्रांती. बरेच महिने वेगात न धावलेल्याने पहिले तीन आठवडे पाऊणच वेग ठेवावा. मोबाइलवर चित्रीकरण करून वेळ मोजावी, 4.4 सेकंदांची धाव 4.6 वर गेली की त्या दिवसापुरतं थांबायचं. कपात करायची ती एकूण फेऱ्यांत. सामन्यानंतर स्नायू पूर्ववत व्हायला 72 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकाच दिवशी दोन सामने आले तर दुसऱ्यात त्याला बसवावं.

दुखऱ्या स्नायूवर चोळतात त्या घोरपडीच्या तेलाचंही सांगून टाकू. तेल कातडीखालच्या फाटक्या तंतूंपर्यंत पोचत नाही. ताज्या इजेवर जोरात चोळलं तर रक्तस्राव वाढतो, आणि घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे दुखणं राहतंच, वर तुरुंग. महागडी ‘तारुण्य परत आणणारी’ इंजेक्शनं याच पंगतीतली, फक्त बाटली इंग्रजी.

अशा खेळाडूला शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. बाकावर बसून स्नायू थंड होतात. नुसत्या मध्यंतराच्या पंधरा मिनिटांतही त्यांचं तापमान दीड-दोन अंश उतरू शकतं. त्यापेक्षा त्याला सुरुवातीपासून मध्यभागी खेळवावं, जिथे चेंडू कुठे येणार हे वाचण्याला किंमत आहे आणि चाळीस मीटरच्या धावा कमी लागतात, आणि साठाव्या मिनिटाला काढावं. बदली म्हणून उतरवायचंच असेल, तर दहा मिनिटं आधी बाकावरून उठवावं आणि रेषेबाहेर दोन-तीन धावा जवळजवळ पूर्ण वेगाने काढून घ्याव्यात, मगच पंचांना हात करावा.